सीलबंद वाल

सासूबाईंवर ओरडता येत नाही, ही जावयाच्या जन्माची फार मोठी गैरसोय आहे. बायकोवर ओरडता येतं, निदान सुरुवात तरी करता येते. मुलीवर ओरडलं तर ती कानात हेडफोन घालते, पण ओरडल्याचं समाधान आपल्याला मिळतं. कंपनीच्या मालकावर गाडीच्या काचा वर करून ओरडता येतं. सासूबाईंच्या बाबतीत मात्र घशाशी आलेलं सगळं गिळून “वा माई, छान!” असं म्हणावं लागतं. सूर्यकांत खातू त्या बुधवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात उभा राहून नेमकं हेच म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या पायाखालची जमीन, म्हणजे अबुधाबीत अल रीम आयलंडवरच्या टॉवरचा सातवा मजला, सरकत होता.

ओट्याजवळच्या जाळीत, धुतलेल्या पेल्यांच्या शेजारी, त्याची बाटली उपडी घातलेली होती. आणि बाटलीतले कडवे वाल एका पातेल्यात पाण्याखाली टम्म फुगून बसले होते.

आता ही बाटली साधी नव्हती. कोकणात शिरसाडी नावाच्या गावात एक कृषी विद्यालय होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथे रिसॉर्ट आहे आणि जिथे गोठा होता तिथे पोहण्याचा तलाव आहे. विद्यालयाने स्वतः निवडून-निवडून वालाचा एक वाण तयार केला होता. कृषी पदविका हातात पडली की निरोपाच्या समारंभात प्रत्येक विद्यार्थ्याला त्या वालाची एक बाटली मिळायची. वर बूच, बुचावर लाखेचं सील, सीलवर विद्यालयाचा शिक्का आणि खाली चिठ्ठी: ‘बीज जपा’. सूर्यकांतने सतरा वर्षं बीज इतकं जपलं होतं की त्याला मातीचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. शारजाच्या घरात ती बाटली देवघराशेजारी होती, रीमवरच्या घरात शोकेसमध्ये. ऑफिसला निघताना त्याचा हात आधी गणपतीकडे आणि मग बाटलीकडे वळून छातीला लागत असे.

एरवी बाटली गेली असती तर त्याने चार दिवस तोंड पाडलं असतं आणि विषय संपला असता. पण वेळ वाईट होती. मंदीत दुबई कोसळली तेव्हा अबुधाबीतली मंडळी “आपल्याला काय होतंय? आपल्याकडे तेल आहे,” असं म्हणत बिर्याणी खात होती. दोन वर्षांनी ते कोसळणं हळूहळू चालत इकडेही आलं. सूर्यकांतची कंपनी व्हिलांच्या भोवती बागा लावायची. व्हिलाच बांधायच्या थांबल्या, तर बागा काय वाळूच्या ढिगाभोवती लावायच्या? मालकाने सगळ्यांना बोलावून चहा दिला, खजूर दिले आणि या महिन्याअखेर खलास म्हणून सांगितलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की ओवीची शाळा ऐन परीक्षेच्या तोंडावर गेली. पुण्याला परत जाऊन काय करायचं, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं. पण कपाटावरच्या रिकाम्या सुटकेसांकडे सगळे अधूनमधून बघत होते.

अशात खैरुद्दीन परकारचा फोन आला. खैरुद्दीन शिरसाडीचाच, पण सूर्यकांतच्या पुढे चार-पाच वर्षं. अल ऐनजवळ त्याची मोठी नर्सरी होती, आता तो शेतजमीनही घेत होता.

“सूर्या, तुझ्याबद्दल ऐकलं. माणूस मला हवाच आहे,” तो म्हणाला. “पण आधी एक सांग. निरोपाची बाटली आहे ना तुझ्याकडे?”

“आहे म्हणजे काय, खैरुभाई!” सूर्यकांतची छाती फुगली. “अजून सील तुटलेलं नाही!”

“काय सांगतोस! मग शुक्रवारी नमाज झाली की येतो जेवायला. बाटली बघू, मग कामाचं बोलू. इन्शाल्ला.”

म्हणजे बघा, त्या बाटलीवर सगळं येऊन थांबलं होतं. पाहुणा येणार म्हणून अनुराधाने शोकेस पुसायला घेतलं, बाटली तेवढ्यापुरती ओट्यावर आणून ठेवली आणि ती ओवीला आणायला शाळेत गेली. घरात उरल्या माई. माई म्हणजे अनुराधाची आई, गुहागरकडची, महिन्याभरासाठी लेकीकडे आलेली. हातावर हात ठेवून बसायचं त्यांना ठाऊक नव्हतं.

“कोकणातला पाहुणा यायचा, तर म्हटलं वालाचं बिरडं करू,” माईंनी आनंदाने सांगितलं. “ओट्यावर जुने वाल दिसलेच. धान्य कसं, जुनं आधी संपवावं. बूच फारच घट्ट होतं हो सूर्यकांतराव! सुरीने खरवडून काढलं. उद्या मोड येतील, परवा सोलते.”

“वा माई,” सूर्यकांत म्हणाला. “छान!”

मग तो बेडरूममध्ये गेला आणि उशीत तोंड खुपसून जे काही म्हणायचं ते म्हणाला.

“अहो, ऐका ना,” अनुराधा मागून आली. “त्या वालांचं एक सांगायचं होतं—”

“काही सांगू नकोस! ते वाल माझं शिक्षण होतं!”

“तेच सांगतेय. ते वाल तुम्ही समजता तसे—”

“मी काय समजतो ते मला माहीत आहे! नोकरी गेली, अनुराधा. बिरड्यात गेली.”

“बरं, मग माईला विचारू या का, काही—”

“माईंना एक अक्षर बोलायचं नाही! पाहुण्या आहेत त्या. त्यांना कळलं की आपण जावयाच्या पोटावर पाय दिला, तर जेवण सोडतील. शपथ आहे तुला.”

अनुराधाने कपाळाला हात लावला आणि ती पोळ्या करायला निघून गेली. दारात उभी असलेली ओवी म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट बीन्स.” तिच्यावर मात्र ओरडता आलं.

अशा प्रसंगी माणसाने गप्प बसावं. पण सूर्यकांतच्या शेजारी विलास देवस्थळी राहत होता. विलास बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. बँकेने त्याला मोकळं केल्यापासून तो दिवसभर हाफ पँटमध्ये असे आणि बाराही महिने सल्ला त्याच्याकडे ताजा मिळत असे. स्वतःची नोकरी शोधायची सोडून दुसऱ्याच्या अडचणीत त्याचं मन जास्त रमायचं. त्याने सगळी हकिगत ऐकली, डोळे मिटले आणि विचारलं, “खातू, ॲसेट गेलाय की पॅकेजिंग?”

“काय?”

“बाटली आहे ना शाबूत? शिक्का?”

शिक्का केराच्या डब्यात सापडला, सुरीच्या खरवडण्याने अर्धा झालेला. चिठ्ठी ओली होती पण वाचता येत होती.

“मग झालं तर! पॅकेजिंग आहे, फक्त माल भरायचा. वालासारखा वाल. परकारला काय कळणार?”

“खैरुभाई शेतकी शिकलेत.”

“तू पण शिकलायस. तुला कळेल का?”

सूर्यकांतने प्रामाणिकपणे विचार केला आणि आपल्याला कळणार नाही असं त्याच्या लक्षात आलं. हे लक्षात आल्यावर वाईट वाटायला हवं होतं. त्याला धीर आला.

गुरुवारी साइट व्हिजिट आहे असं सांगून तो ऑफिसमधून सटकला. वास्तविक कंपनीकडे बघायला साइटच उरली नव्हती, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. अबुधाबीच्या दुकानांत वाल होते, पण ते पांढरे, थोराड, गुजराती. कडवा वाल कसा, लहान, तांबूस, चपटा आणि पाठीवर पांढरी रेघ. “वाल यानी वाल, हबीबी,” मलबारी दुकानदार म्हणाला. “पकने के बाद सब एक है.” विलास बाजूच्या सीटवर बसून दुबईचा रस्ता दाखवू लागला. दोघे दुबईला गेले. मीना बाजारात गाडी लावायला जागा मिळेना, मिळाली ती लोडिंगची निघाली, आणि दुकानातून परत येईपर्यंत काचेवर दंडाची पावती लागली होती. पण वाल मिळाले! एका अंधाऱ्या दुकानात, पापडांच्या मागे. ते अर्धा किलो वाल दंडासकट किती दिरहमला पडले आणि त्याचे रुपये किती, हे विलासने परतीच्या रस्त्यावर मोठ्याने काढून दाखवलं.

वाल घरी आणून बघतात तर ते नवरीसारखे चकाकत होते. दुकानदाराने तेलाचा हात दिला होता. सतरा वर्षं बाटलीत बसलेला वाल असा कसा दिसेल?

“चहाच्या पाण्यात घाल,” विलास म्हणाला. “आमच्या शाळेच्या नाटकात जुना खलिता असाच केला होता.”

चहात घातलेले वाल जुने दिसले नाहीत, फुगले. मग विलासने ते ओवीच्या हेअर ड्रायरने वाळवले, तर सालं सुटून पंख्याच्या वाऱ्याने बेडरूमभर उडाली. “हू इज गोइंग टू क्लीन दिस?” ओवीने विचारलं. दोघांनी मिळून क्लीन केलं. शेवटी उरलेले वाल नुसते फडक्याने पुसून बाटलीत भरले. इकडे स्वयंपाकघरात माईंनी फडकं सोडून मोड दाखवले. “बघा हो सूर्यकांतराव, कसे टरारून आलेत! एकूण एक!” सूर्यकांतने ते लुसलुशीत मोड पाहिले आणि आपलं भवितव्य आपल्याच डोळ्यांदेखत असं अंकुरताना पाहून त्याला अगदी रडू आलं. एका कृषी पदविकाधारकाच्या डोक्यात तेव्हा जो प्रश्न यायला हवा होता, तो काही आला नाही. दुःखात माणूस शिक्षण विसरतो, असं समजू या.

राहिलं सील. लाख कुठे मिळेना. स्टेशनरीच्या दुकानात लाल मेणाची कांडी मिळाली. शुक्रवारी सकाळपासून स्वयंपाकघर माईंच्या ताब्यात होतं, म्हणून हे काम दुपारी, पाहुणा यायच्या आधी, बेडरूममध्ये दार लावून करायचं ठरलं. देवघरातली कापराची पळी, खाली मेणबत्ती, पळीत मेणाची कांडी. कांडी वितळेना. विलासने कापराच्या दोन वड्या टाकल्या. मग मात्र ती एकदम वितळली, पेटली, आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्राच्या नोकरीविषयक पानाने पेट घेतला. आग तशी बशीएवढीच होती. सूर्यकांतने ती चपलेने विझवली, पळीत उरलेलं मेण बुचावर ओतलं आणि अर्धा शिक्का त्यावर दाबला. पण धूर बराच झाला. तो जावा म्हणून विलासने उशी घेऊन जोरजोरात वारा घातला. धूर गेला, सरळ वर गेला, छतावरच्या त्या पांढऱ्या डबीत.

त्या डबीने जो टाहो फोडला, तो आधी घरात, मग मजल्यावर आणि मग सगळ्या टॉवरमध्ये पसरला. “प्लीज इव्हॅक्युएट द बिल्डिंग,” एक बाई शांतपणे सांगू लागली, आधी अरबीत, मग इंग्रजीत. मराठीत सांगायची गरज नव्हती. सूर्यकांतला अगदी स्वच्छ कळलं होतं.

जिन्यात माणसंच माणसं. इतके लोक या टॉवरमध्ये राहतात हे त्या दिवशीच कळलं. अनुराधाने पासपोर्टची फाइल घेतली होती, ओवीने लॅपटॉप. सूर्यकांतच्या हातात बाटली होती. मेण अजून ओलं होतं म्हणून त्याने ती समईसारखी दोन्ही हातांनी धरली होती. आणि सगळ्यांच्या पुढे, पदर खोचून, टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं कडेवर घेऊन माई उतरत होत्या.

“माई, ते कशाला घेतलंस?” अनुराधा ओरडली.

“इमारत पेटली तर पेटली,” माई म्हणाल्या. “बिरड्याने काय पाप केलंय?”

खाली सिव्हिल डिफेन्सचे दोन बंब आले होते. टॉवरसमोरच्या हिरवळीवर रहिवासी उन्हात डोळ्यांवर हात धरून वर बघत उभे होते, आणि बिल्डिंगचा नेपाळी सिक्युरिटी गार्ड पॅड घेऊन फिरत होता. अलार्म कुठल्या फ्लॅटमध्ये वाजला हे त्याच्या मशीनवर उमटलं होतं. तो सरळ सूर्यकांतकडे आला. तेवढ्यात कोपऱ्यावर एक पांढरी लँडक्रूझर थांबली, आणि तिच्यातून धुवट कुर्ता घातलेला, अत्तराचा वास घेऊन, खैरुद्दीन परकार उतरला. बंब पाहून तो धावतच आला.

“सूर्या! काय झालं रे? घरचे सगळे बरे ना?” आणि मग त्याची नजर सूर्यकांतच्या हाताकडे गेली. “या अल्ला! घराला आग लागली आणि हा माणूस बाटली घेऊन उतरला!”

त्याने सूर्यकांतला मिठी मारली. सूर्यकांतला आधी लाज वाटली आणि मग, खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं. देव एवढा दयाळू असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पण गार्ड हटेना. “सर, रिपोर्ट में रीझन लिखना है. चार ही कॉलम हैं. बिजली, सिगरेट, खाना, बच्चे. कौन सा लिखूं?”

आता खैरुद्दीनसमोर काय सांगणार? बाटलीला नकली सील करत होतो, असा पाचवा कॉलम नव्हता. सिगरेट तो ओढत नव्हता. बच्चेवर बोट ठेवायला गेला तर ओवीने असं बघितलं की बोट आपोआप मागे सरकलं.

“खाना,” सूर्यकांत पुटपुटला. “खाना जल गया.”

गार्डने हे सिव्हिल डिफेन्सच्या अधिकाऱ्याला सांगितलं. अधिकारी तरुण अमिराती, चेहऱ्यावर शुक्रवार खराब झाल्याचा भाव. तो अरबीत काही म्हणाला, आणि खैरुद्दीनने, मदत म्हणून, ते मोठ्याने मराठीत आणलं. “ते म्हणतायत, घरात स्वयंपाक कोण करत होतं? गॅसवर करपवून ठेवून लक्ष नको का द्यायला?”

माईंनी पातेलं अनुराधाच्या हातात दिलं.

“करपवलं?” त्या म्हणाल्या. “मी?”

“माई, त्यांच्या म्हणण्याचा अर्थ—” सूर्यकांत मधे पडला.

“तुम्ही थांबा, सूर्यकांतराव. पन्नास वर्षं चूल सांभाळते. पाचशे माणसाच्या पंगतीत माझ्या हातून दाणा करपला नाही. आणि हा पोरगा मला सांगतो? थांब रे बाबा, जाऊ नकोस. अनुराधा, उघड ते पातेलं. ओवी, त्या समोरच्या दुकानातून डिश घेऊन ये, कागदाच्या. यल्ला!”

महिन्याभरात माईंनी अरबीतला हा एकच शब्द उचलला होता, पण तो बरोबर जागी टाकला. ओवी पळाली. झाकण निघालं आणि ओल्या नारळाचा, जिऱ्याचा आणि आमसुलाचा वास हिरवळभर सुटला. माईंनी पहिली डिश अधिकाऱ्याला दिली, दुसरी गार्डला, तिसरी खैरुद्दीनला. अधिकाऱ्याने इकडेतिकडे बघितलं, हेल्मेट काखेत धरलं आणि एक चमचा खाल्ला.

“फूल?” त्याने विचारलं. त्यांच्याकडे घेवड्यासारख्या उकडलेल्या दाण्यांना फूल म्हणतात.

“फूल नाही, वाल,” माई म्हणाल्या. “करपलाय का सांग.”

“ला, ला. झैन,” अधिकारी म्हणाला आणि त्याने डिश पुन्हा पुढे केली. “वल्लाह, झैन.”

खैरुद्दीनने मात्र एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि मग फार हळू चावायला लागला.

“माई,” तो म्हणाला, “ही चव मी शिरसाडीच्या खानावळीनंतर आज चाखली. कुठले हो वाल?”

अनुराधाने आईला डोळ्याने खुणावलं. पण माईंचा मान नुकताच परत मिळाला होता. त्या कशाला थांबतात?

“कुठले म्हणजे? जावईबापूंच्या बाटलीतले! जुने होते, म्हटलं संपवून टाकू.”

खैरुद्दीनने हात पुढे केला, सूर्यकांतच्या हातातली बाटली घेतली आणि उन्हात धरली. मीना बाजारचे वाल आत लखलखले. सीलाचं मेण त्याच्या अंगठ्याला चिकटलं. त्याने अंगठा पाहिला, सूर्यकांतकडे पाहिलं, विलासकडे पाहिलं. विलास एकदम आपली कार कुठे लावली आहे ते आठवायला लागला.

“खैरुभाई,” सूर्यकांत म्हणाला, “काय सांगू तुम्हाला—”

“थांब. आधी माईंना विचारू दे. माई, बाटलीतले वाल तुम्ही भिजवलेत. मोड आले?”

“वा! एकूण एक. चार-दोन गणंग, न भिजलेले, निघाले तेवढेच.”

“सूर्या,” खैरुद्दीन म्हणाला, “सतरा वर्षांच्या वालाला मोड येतात का रे?”

हाच तो प्रश्न. बीजशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न सूर्यकांतला आला होता आणि त्याने तो बरोबर सोडवला होता. घरात साठवलेला वाल दोन-तीन वर्षांत थकतो, पुढे दगड होतो नाहीतर भुंग्यांचा होतो. बुधवारपासून तो ज्या वालांचं सुतक पाळत होता, ते शिरसाडीहून आणलेले वाल असूच शकत नव्हते.

“माझ्या बाटलीचं पीठ झालं,” खैरुद्दीन सांगू लागला. “मी उघडली तेव्हा आत भुंगे फिरत होते. शिरसाडी बंद झाली, वाण कुठे मिळेना. म्हणून जो भेटेल त्याला विचारतो, बाटली आहे का. आठ-दहा जणांच्या उघडून पेरल्या. एक दाणा रुजला नाही. आपण सगळ्यांनी बीज जपलं रे, सीलबंद करून मारलं. तू फोनवर सील शाबूत म्हणालास तेव्हाच मला वाटलं, हीपण गेली. तरी आलो.”

मग सगळे अनुराधाकडे बघायला लागले. ती फाइल छातीशी धरून उभी होती.

“बुधवारपासून सांगतेय,” ती म्हणाली. “कोणी बोलू देईल तर ना! गेल्या वर्षी शारजाहून इकडे सामान हलवलं तेव्हाच त्या बाटलीत किडे झाले होते. हे रोज तिला नमस्कार करायचे. कसं सांगणार? बूच काढलं, पीठ टाकलं, बाटली धुतली आणि माईने पाठवलेले वाल भरले. वर मेणबत्तीत कुंकू कालवून सील केलं, जुनाच शिक्का चिकटवला.”

“सील केलंस?” सूर्यकांत म्हणाला. “कुठे?”

“गॅसजवळ. पाच मिनिटं लागली.”

“आणि अलार्म?”

“अलार्म कशाला वाजेल?” अनुराधाने विचारलं.

सूर्यकांतची मान खाली गेली. हिरवळीवरच्या मुंग्यासुद्धा काही कारण नसताना त्याच्याकडे बघत आहेत असं त्याला वाटलं. बाटली नकली, नकली बाटलीची नक्कल त्याहून नकली, आणि दोन्हींना नमस्कार त्याचा. आता लँडक्रूझर निघून जाईल आणि आपण सुटकेसा खाली काढू, असं त्याने मनाशी धरलं.

पण खैरुद्दीन हललाच नव्हता. तो माईंच्या समोर हिरवळीवर उकिडवा बसला होता.

“माई, तुम्ही लेकीला पाठवले ते कुठले?”

“आमच्या कुंपणावरचे,” माई म्हणाल्या. “अनुराधाच्या वडिलांनी शिरसाडीच्या शाळेतूनच बियाणं आणलं होतं, ही परकरात होती तेव्हा. शाळा विकायची गावातल्यांना. तेव्हापासून दर सालाला लावतो. खातो, वाटतो, उरलेले राखेत घोळवून ठेवतो. त्यात काय एवढं?”

खैरुद्दीनने डिश खाली ठेवली. तिच्यातला शेवटचा वाल त्याने चिमटीत उचलून उन्हात धरला.

“म्हणजे हे शिरसाडीचेच...” तो म्हणाला. “आणि आपण सगळे खाऊन बसलो! माई, एखादा दाणा तरी कच्चा उरला का?”

“एखादा कशाला? माझ्या बॅगेत चांगले दोन शेर आहेत. यंदाचे. शारजाला भाचीला द्यायचे म्हणून बांधून ठेवलेत. पण तुम्हाला हवे तर घ्या, ती काय, पिझ्झा खाते.”

मीना बाजार, पापडांच्या मागचं अंधारं दुकान, लोडिंगची जागा, काचेवरची पावती, हे सगळं सूर्यकांतच्या डोळ्यांसमोरून गेलं. बॅग त्याच्याच पलंगाखाली होती. तिच्यावर पाय ठेवून तो दोन दिवस चपला घालत होता.

“काखेत कळसा,” अनुराधा हळूच म्हणाली.

खैरुद्दीन हसायला लागला. आधी नुसता, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत. अधिकाऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, त्याने अरबीत सांगितलं, आणि मग तो अमिराती तरुणही हसला. त्याने गार्डचं पॅड घेतलं, ‘खाना’वर काट मारली, काहीतरी लिहिलं आणि सूर्यकांतपुढे सहीला धरलं. काय लिहिलं ते सूर्यकांतला शेवटपर्यंत कळलं नाही. विलासचं म्हणणं, न कळता सही करायची नसते. पण विलासचं म्हणणं ऐकण्याच्या मनःस्थितीत तो आता नव्हता.

बंब गेले. लोक लिफ्टकडे परतले. खैरुद्दीन गाडीला टेकून उभा राहिला.

“हे बघ,” तो म्हणाला. “बियाणं तुझ्या सासूबाईंचं. जमीन माझी. मधे एक माणूस लागेल.”

“मी?” सूर्यकांतने विचारलं.

“मग काय माई येणारेत अल ऐनला पाणी घालायला? तूच ये. बीजशास्त्र विसरलायस, पण दोन दिवस वालासाठी इतका जीव टाकणारा माणूस मला कागदावर मिळायचा नाही. रविवारी पासपोर्टची कॉपी पाठव. व्हिसाचं आमचा माणूस बघेल. फक्त एक अट.”

“काय?”

“बाटलीत काही भरायचं नाही. जे येईल ते पेरायचं, आणि उरेल ते खायचं.”

सूर्यकांत फुटपाथच्या कडेवर मटकन बसला. हसावं का रडावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. “मम्मा, वी आर स्टेइंग?” ओवीने विचारलं. अनुराधाने मान डोलावली आणि पासपोर्टची फाइल लेकीच्या डोक्यावर हलकेच आपटली.

माई पातेलं घेऊन जवळ आल्या. त्यांना अजूनही नीटसं काही समजलं नव्हतं, पण जावई उन्हात बसून डोळे पुसतोय एवढं दिसत होतं.

“काय हो, उपाशी आहात का?” त्यांनी विचारलं. “सगळ्यांनी खाल्लं, तुम्हीच खाल्लं नाहीत.”

हे खरं होतं. त्या वालांकडे सूर्यकांतने बुधवारपासून नुसतं बघितलं होतं. त्याने कागदाची डिश पुढे केली. पातेल्याच्या तळाशी थोडे वाल आणि बराचसा रस्सा उरला होता. माईंनी सगळा खरवडून वाढला. त्याने पहिला घास घेतला. वाल मऊ होते, किंचित कडू आणि शेवटी गोड.

“वा माई,” तो म्हणाला. “छान!”

आणि या वेळी तो खोटं बोलत नव्हता.